खेळाडूचा गुरुजी होतो तेव्हा

चाळिशी आली की डॉक्टरचा दवाखाना नीट चालू लागतो, वकिलाकडे मोठे खटले येऊ लागतात आणि आम्हा कवींना तर चाळिशी उलटली तरी 'तरुण कवी' म्हणूनच व्यासपीठावर बोलावतात. खेळाडूचे गणित उलटे आहे. दहाव्या-बाराव्या वर्षी तो मैदानात उतरतो, विशीत त्याचे नाव पेपरात येते आणि पस्तिशीत लोक विचारू लागतात, 'अजून किती दिवस?' गुडघा कुरकुरतो, चेंडू दिसतो पण पाय वेळेवर पोचत नाही, आणि एका सकाळी त्याला निवृत्त म्हणतात. पुढे निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक असते. हातात एकच कसब असते आणि ते वापरायची वेळ निघून गेलेली असते.

अशा वेळी घरचे, मित्र, गावचे लोक त्याला एक सोपा सल्ला देतात. 'एवढं खेळलास, आता पोरांना शिकव.' सल्ला चांगला आहे, पण तो ज्या सहजतेने दिला जातो तितके ते काम सहज नाही. खेळाडूचा प्रशिक्षक होतो म्हणजे नेमके काय होते, संघ चालवणे म्हणजे काय, त्यात काय सोडावे लागते आणि काय नव्याने शिकावे लागते, याविषयी आज थोडे बोलू. मी स्वतः खेळाडू नाही. वणीसारख्या कोळशाच्या आणि कापसाच्या गावात राहून मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्यांपैकी मी एक. पण कडेला उभे राहणाऱ्यालाही काही गोष्टी दिसतात.

सुरुवात बास्केटबॉलपासून करू. आपल्याकडे शाळेच्या आवारात एक गंजलेला खांब आणि जाळी नसलेली कडी एवढीच या खेळाची ओळख असते, पण त्याची जन्मकथा आपल्या विषयाला अगदी लागू आहे. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ शोधला. बाहेर बर्फ, मुले आत कोंडलेली, म्हणून त्याने सज्जाला पीचची फळे ठेवायच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पुढे हाच नेस्मिथ कॅन्सास विद्यापीठाच्या संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. ज्याने खेळ जन्माला घातला, त्याच्याच नावावर जिंकण्यापेक्षा हरणे जास्त! त्याचाच विद्यार्थी फॉग अ‍ॅलन मात्र त्याच विद्यापीठात ३९ हंगाम प्रशिक्षक राहिला आणि प्रशिक्षणाच्या शास्त्राचा जनक म्हणून ओळखला गेला. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे नेस्मिथने आपल्या या शिष्याला बजावल्याची गोष्ट तिकडे सांगतात. शिष्याने ऐकले नाही, हे बरेच झाले.

पुढच्या काळातही हेच दिसते. मॅजिक जॉन्सन हा बास्केटबॉलमधला थोर खेळाडू. १९९४ मध्ये त्याला त्याच्याच लॉस एंजेलिस लेकर्स संघाचे प्रशिक्षक केले. १६ सामने झाले, ५ जिंकले, ११ हरले आणि त्याने काम सोडले. याउलट फिल जॅक्सन न्यूयॉर्कच्या संघात बहुतेक वेळ राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसणारा, पण प्रशिक्षक म्हणून त्याने ११ विजेतेपदे मिळवली. दोन्ही जमलेलेही आहेत. बॉस्टनचा बिल रसेल १९६६ मध्ये खेळता खेळता प्रशिक्षक झाला, त्या व्यावसायिक साखळीतला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आणि १९६८ व १९६९ ही दोन वर्षे त्याने स्वतः खेळत संघाला विजेतेपद मिळवून दिले. पण खेळणे थांबवून तो दुसऱ्या दोन संघांचा प्रशिक्षक झाला, तेव्हा तिथे त्याला विजेतेपद मिळाले नाही.

असे का होत असावे? मला वाटते, याचे कारण ज्ञान कुठे साठवलेले असते यात आहे. मोठ्या खेळाडूचे ज्ञान त्याच्या मनगटात, पायात, नजरेत असते. चेंडू किती वळणार हे त्याला कळते, पण कसे कळते हे सांगता येत नाही. तो म्हणतो, 'असा मार ना!' समोरचा पोरगा म्हणतो, 'असा म्हणजे कसा?' आणि इथेच गाडी अडते. ज्याला प्रत्येक गोष्ट घासून, चुकून, पुन्हा करून शिकावी लागली, त्याच्याजवळ त्या वाटेचे टप्पे असतात. ते त्याला दुसऱ्याला दाखवता येतात.

आमच्या कवितेच्या क्षेत्रात हे रोज दिसते. उर्दू शायरीत 'इस्लाह' नावाची जुनी रीत आहे. शागिर्दाने आपली गझल उस्तादासमोर ठेवायची आणि उस्तादाने ती दुरुस्त करून द्यायची. चांगला उस्ताद शागिर्दाच्या ओळीत स्वतःची ओळ घुसवत नाही. एखादा शब्द हलवतो, वजन बसवतो आणि शेर शागिर्दाचाच राहतो. मोठमोठ्या शायरांना हे साधत नाही, कारण त्यांना दुसऱ्याच्या गझलेतही स्वतःचाच आवाज ऐकू यावा असे वाटते. आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांनी नव्या कवींसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, तेव्हा त्यांनी हेच केले. आपल्याला जे सहज येते, त्याची पायरी न् पायरी दुसऱ्यासाठी मांडून दाखवली. खेळाडूचा प्रशिक्षक होतो तेव्हा त्यालाही आपल्या खेळाची अशी बाराखडी लिहावी लागते. बहुतेकांना ती कधी लिहिलेलीच नसते, कारण खेळताना तिची गरज पडत नाही.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण शोधायला आपल्याला अमेरिकेत जायचे कारण नाही. वणीहून एसटीने तीनेक तासांत नागपूर येते, तिथेच ते सापडते.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळत होता. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही. इतर संघ विदर्भाशी सामना म्हणजे गुण मिळवायची संधी समजत. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित या संघाचे प्रशिक्षक झाले. पंडित मुंबईचे, यष्टिरक्षक आणि फलंदाज. रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये लीड्सला त्यांचे कसोटी पदार्पण झाले. ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्या काळात यष्टीमागची पहिली पसंती किरण मोरे यांना होती, त्यामुळे आत-बाहेर, आत-बाहेर असेच त्यांचे चालले. म्हणजे संघात नाव नसण्याचे दुःख काय असते, हे त्यांना ऐकीव माहीत नव्हते.

प्रशिक्षक म्हणून मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ अशी तीन विजेतेपदे मिळवून देऊन ते नागपुरात आले होते. पण मुंबईला जिंकायची सवय होती आणि विदर्भाला नव्हती. विदर्भात गुणवत्ता नव्हती असे नाही. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाण वसाहतीतून आलेला उमेश यादव तोवर भारताचा वेगवान गोलंदाज झालेला होता. कमतरता होती ती आपण जिंकू शकतो या विश्वासाची, आणि तो विश्वास भाषणाने येत नाही. पंडितांची ख्याती कडक शिस्तीची. वेळ, व्यायाम, सराव यांत सूट नाही, मग खेळाडू नवा असो की जुना.

त्या हंगामात फैज फझल कर्णधार होता आणि संघात वसीम जाफरसारखा मुंबईत मुरलेला अनुभवी फलंदाज पाहुणा खेळाडू म्हणून होता. उपांत्य फेरीत कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकला विदर्भाने अवघ्या ५ धावांनी हरवले. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ७ बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक केली, अक्षय वाडकरने शतक ठोकले आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने ९ गडी राखून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. विजयाचा फटका जाफरच्या बॅटमधून आला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून तो करंडक विदर्भाने राखला. आदित्य सरवटेने त्या सामन्यात ११ बळी घेतले. पहिल्या वेळी 'लागला मटका' म्हणणारे दुसऱ्या वेळी गप्प झाले.

पंडितांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खेळाडू म्हणून शेवटच्या वर्षांत ते मध्य प्रदेशकडून खेळत. १९९९ साली बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर ते रणजीच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशचे कर्णधार होते. पहिल्या डावात आघाडी घेऊनही त्यांचा संघ कर्नाटककडून ९६ धावांनी हरला. ती सल राहिली. २३ वर्षांनी, २६ जून २०२२ रोजी, त्याच मैदानावर, त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून ते उभे होते आणि मध्य प्रदेशने मुंबईला ६ गडी राखून हरवून आपला पहिला रणजी करंडक जिंकला. त्यांना रडू आवरले नाही. खेळाडूंनी त्यांना खांद्यावर घेतले. समोरचा हरलेला संघ त्यांच्याच मुंबईचा होता! तीन वेगवेगळ्या संघांना मिळून सहा रणजी विजेतेपदे, अशी नोंद त्यांच्या नावावर झाली. खेळाडूला जे हुकले ते प्रशिक्षकाला मिळू शकते, पण दुसऱ्याच्या हातून. स्वतःच्या हातात बॅट नसताना, दोरीबाहेर खुर्चीवर बसून ते पाहावे लागते. हाच या बदलातला सर्वांत अवघड भाग असावा.

आता 'संघ व्यवस्थापन' हा शब्द घेऊ. पेपरात तो रोज येतो, पण त्यात कोण कोण असते हे सामान्य वाचकाला नीट माहीत नसते. पूर्वी दौऱ्यावर संघासोबत एक मॅनेजर असे. तिकिटे, हॉटेल, सामान, भत्ते आणि पत्रकारांशी बोलणे ही त्याची कामे. क्रिकेटचे काय ते कर्णधार पाही. नंतर मुख्य प्रशिक्षक आला. त्याच्याबरोबर फलंदाजीचा, गोलंदाजीचा आणि क्षेत्ररक्षणाचा असे वेगळे प्रशिक्षक, दुखापती पाहणारा फिजिओ, व्यायाम करून घेणारा ट्रेनर आणि प्रत्येक चेंडूचे चित्रण तपासून कोण कुठे चुकतो हे सांगणारा विश्लेषक आला. त्यांच्या वर क्रिकेट संचालक, आणि बाजूला निवड समिती. या सगळ्यांचे ऐकून घ्यायचे, त्यातले काय खेळाडूपर्यंत न्यायचे आणि काय स्वतःजवळच ठेवायचे हे ठरवायचे, हे मुख्य प्रशिक्षकाचे खरे काम. खेळाडू असताना त्याला फक्त स्वतःची काळजी घ्यायची असते. आता पंधरा जणांची घ्यायची असते, आणि त्यातल्या चौघांना रोज सांगायचे असते की आज तुम्ही खेळणार नाही.

या बदलाच्या मधल्या काळात अजित वाडेकर यांच्यासारखी माणसे होती. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून देणारा हा कर्णधार नव्वदच्या दशकात भारतीय संघाचा क्रिकेट मॅनेजर झाला. म्हणजे प्रशिक्षकही तेच आणि व्यवस्थापकही तेच. मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला एकदिवसीय सामन्याच्या सकाळी नवज्योतसिंग सिद्धूची मान आखडली. सचिन तेंडुलकर तोवर खाली फलंदाजीला येत असे. त्याने सलामीला जाण्याची परवानगी मागितली आणि कर्णधार अझरुद्दीन व वाडेकर यांनी ती दिली. सचिनने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. पुढे काय घडले ते आपण सर्वांनी पाहिले. त्या दिवशी वाडेकरांनी सचिनला फलंदाजी शिकवली नव्हती. एका मुलाने 'मला जाऊ द्या' म्हटले आणि त्यांनी जाऊ दिले. संघ चालवण्यातले मोठे निर्णय कधी कधी इतके लहान दिसतात.

आचरेकर सरांचे नाव मघाशी आले. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा जेमतेम एक सामना आहे, १९६३-६४ मधला. पण शिवाजी पार्कवर त्यांनी जी माणसे घडवली, त्यासाठी त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. या पुरस्काराची गंमत अशी की १९८५ मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा तिघा मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत हे मराठी नाव होते. प्रशिक्षक हाही देशाच्या गौरवाचा धनी आहे, हे सरकारदरबारी मान्य व्हायला तोवर वेळ लागला. खेळाडूंचा अर्जुन पुरस्कार १९६१ पासूनच दिला जात होता.

आचरेकर सरांच्याच शाळेतला आणखी एक शिष्य अमोल मुझुमदार. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा हाच. त्याची पाळी आलीच नाही. पुढेही तसेच झाले. मुंबईकडून रणजी पदार्पणातच हरयाणाविरुद्ध २६० धावा, कारकिर्दीत ११ हजारांवर प्रथम श्रेणी धावा, ३० शतके, २००६-०७ मध्ये कर्णधार म्हणून रणजी करंडक. एवढे असून भारताची टोपी एकदाही डोक्यावर आली नाही. २०१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि प्रशिक्षणाकडे वळले. मुंबईचा रणजी संघ, आयपीएलमधला राजस्थानचा संघ अशी कामे करत करत ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

२०२५ चा महिला विश्वचषक आठवून पाहा. साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन पराभव. चौकाचौकात, टीव्हीवर, मोबाइलवर सगळीकडे एकच सूर, प्रशिक्षक बदला. इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळले होते. पुढच्याच सामन्यात तिला परत घेतले आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. न्यूझीलंडविरुद्ध तिने नाबाद ७६ केल्या. ३० ऑक्टोबरला उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ केल्या. मूळ संघात नसलेली शेफाली वर्मा जखमी प्रतिका रावलच्या जागी ऐनवेळी आली आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात ८७ धावा करून वर दोन बळी घेऊन गेली. दीप्ती शर्माने ५ बळी घेतले. भारत ५२ धावांनी जिंकला. सामना संपल्यावर कर्णधार हरमनप्रीत कौरने मुझुमदारांच्या पायांना हात लावला. ज्यांना स्वतःला कधी निळी टोपी मिळाली नाही, त्यांनी ती घातलेल्या मुलींना सांभाळले. वगळलेल्या मुलीला परत आणताना तिच्याशी कसे बोलावे, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

बोलण्यावरून नाशिकच्या शैलजा जैन आठवतात. कबड्डीच्या या प्रशिक्षक इराणच्या महिला संघाला शिकवायला गेल्या. तिथल्या मुलींशी बोलता यावे म्हणून त्या फारसी शिकल्या. योगासने आणि प्राणायाम सरावात आणले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी आपल्याकडे काहींना वाईट वाटले, आणि ते समजण्यासारखे आहे. पण प्रशिक्षक आपल्या खेळाचा असतो, जसा डॉक्टर आपल्या रोग्याचा. मला त्यातली गंमत वेगळीच वाटली. 'मैदान' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. 'उस्ताद', 'शागीर्द', 'पहिलवान' हेही तिकडचेच. शतकांपूर्वी त्यांचे शब्द आपल्या तालमीत आले, आणि आपली एक बाई त्यांची भाषा शिकून त्यांना आपली कबड्डी देऊन आली.

आता पुन्हा विदर्भात येऊ. पंडित गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न होताच. बाहेरून आणलेला मोठा गुरू परत जातो तेव्हा घरचे कोण तयार झाले, यावर त्याच्या कामाची परीक्षा होते. २०२३-२४ च्या हंगामात विदर्भाचे प्रशिक्षक होते उस्मान गनी. विदर्भाकडूनच खेळलेले, इथल्याच मातीतले. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर त्यांचा संघ अंतिम सामन्यात मुंबईकडून १६९ धावांनी हरला. ५३८ धावांचे लक्ष्य असतानाही संघ चौथ्या डावात ३६८ पर्यंत लढला. पुढच्या वर्षी त्याच मुंबईला नागपुरात उपांत्य फेरीत ८० धावांनी हरवून, मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. अंतिम सामन्यात दानिश मालेवारने १५३ केल्या, करुण नायरने दुसऱ्या डावात शतक केले आणि हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. कर्णधार होता अक्षय वाडकर, २०१८ च्या अंतिम सामन्यात शतक ठोकणारा तोच मुलगा.

व्यवस्थापनाकडे गेलेलेही आपल्याकडे आहेत. भारताकडून ४ एकदिवसीय सामने खेळलेले नागपूरचे वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य यांनी विदर्भ क्रिकेट संघटनेच्या क्रिकेट विकास समितीचे काम सांभाळले. त्यांच्यासारख्यांची कामगिरी धावफलकावर दिसत नाही. कुठल्या वयोगटाला कोणता प्रशिक्षक द्यायचा, बाहेरून कोणाला आणायचे, पैसा कुठे घालायचा हे ठरवणारा माणूस एकेकाळी स्वतः धावत येऊन चेंडू टाकत होता, याचा उपयोग होतो.

हे सगळे वाचून असे वाटू नये की ही वाट फुलांची आहे. संघ हरला की अकरा खेळाडूंना काढता येत नाही, म्हणून एका प्रशिक्षकाला काढतात. करार वर्षा-दोन वर्षांचे. पंडितांचेच पाहा. आयपीएलमध्ये कोलकाता संघ २०२४ मध्ये त्यांच्या काळात जिंकला, पण त्यांची शिस्त परदेशी खेळाडूंना जाचक वाटते असे त्याआधी बोलले गेले होते, आणि २०२५ मध्ये ते तिथून बाहेर पडले. रणजीच्या पोरांना जे औषध लागू पडले, तेच दुनियाभर खेळून आलेल्या कोट्यधीश खेळाडूंना चालेल असे नाही. समोर कोण आहे ते पाहून औषध बदलावे लागते.

शेवटी आपल्या तालुक्याच्या गावाविषयी. वणी, पांढरकवडा, मारेगाव, झरी, कुठेही पाहा. कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट यांत विद्यापीठापर्यंत, जिल्ह्यापर्यंत, एखाद्या वेळी राज्यापर्यंत खेळलेली माणसे गावात असतात. कोणी कोळसा खाणीत नोकरीला, कोणी कापसाच्या जिनिंगवर, कोणी किराणा दुकानात. पस्तिशीनंतर ती मैदानावर दिसत नाहीत. त्यांच्याजवळ जे होते ते त्यांच्याबरोबर घरी जाते, आणि पुढचा पोट्टा पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. ही गळती थांबवता येण्यासारखी आहे.

प्रशिक्षक होण्याचे रीतसर शिक्षण मिळते. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आणि तिथली पदविका देशभर मानली जाते. आपल्या अमरावतीला १९१४ मध्ये सुरू झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तिथे दाखवली होती. तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. क्रिकेटमध्ये नियामक मंडळाचे टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षक अभ्यासक्रम आहेत. या शिक्षणात शरीराची रचना, वाढत्या वयातल्या मुलाला किती ताण द्यावा, दुखापत कशी ओळखावी, सरावाचे वर्षभराचे वेळापत्रक कसे आखावे हे शिकवतात. नुसते खेळलेल्या माणसाला यातले बरेच माहीत नसते, आणि बारा वर्षांच्या मुलाकडून रोज शंभर चेंडू जोरात टाकून घेतले तर त्याच्या पाठीचे काय होते, हे माहीत नसणे महागात पडते.

आई-वडिलांनीही मुलाला अकादमीत घालताना भिंतीवरचे फोटो आणि करंडक पाहून फी भरू नये. दोन दिवस कडेला उभे राहून पाहावे. प्रशिक्षक मागच्या रांगेतल्या मुलाचे नाव घेऊन बोलतो का? चूक दाखवल्यावर ती सुधारायची कशी हे सांगतो का, की नुसता ओरडतो? मूल दुखते म्हणाले तर थांबवतो का? एवढे तीन प्रश्न पुरेत. तो माणूस किती मोठा खेळाडू होता, हा प्रश्न चौथ्या क्रमांकावर ठेवला तरी चालेल.

आणि गावातल्या त्या निवृत्त खेळाडूला आपण नुसते 'सायंकाळी येत जा ना भाऊ' म्हणून बोलावतो, तेही बरोबर नाही. शिकवणे हे काम आहे आणि कामाचा दाम असतो. शाळांनी, नगरपरिषदेने, मंडळांनी मिळून अशा एका-दोघांना पदविका करायला पाठवले, परत आल्यावर महिन्याचे ठरावीक मानधन दिले, तर गणपतीत एका रात्रीच्या ऑर्केस्ट्रावर जेवढे जाते त्याहून फार खर्च होणार नाही. तालुका क्रीडा संकुलाची इमारत बांधून झाली की तिथे रोज संध्याकाळी शिट्टी वाजवणारा माणूसही लागतो. तो बहुतेक गावातच आहे. कुठल्या दुकानात बसला आहे, तेवढे शोधायचे.